बाकी अपडेट

गिरणीच्या आवाजात मोरू रिक्षावाला काय सांगतोय ते श्रीपतला आधी ऐकूच आलं नाही. त्याने गिरणी थांबवली तेव्हा कळलं. पोलादपूरच्या फाट्यावर, मुंबईकडच्या अंगाला, त्याच्या बायकोला ट्रकने उडवलं होतं. शर्मिला जागीच गेली.

तिच्याजवळ फोन नव्हता. घरात फोन एकच, तो श्रीपतच्या खिशात. हातात कपड्यांनी भरलेली पिशवी होती. इस्त्रीला निघाली असेल, असं तो विचारील त्याला सांगत राहिला.

बावीस वर्षांचा संसार. तिला बाहेर पडायला लागू नये म्हणून त्याने ओटीवर कॉम्प्युटर घेऊन दिला होता. दाखले, सातबारे, शाळेचे फॉर्म ती घरबसल्या भरून देई. माहेरीसुद्धा भाऊबीजेपुरतीच जायची. मागल्या भाऊबीजेला तेवढा मुक्काम लांबवून बसली, तर तिचा भाऊ दीपेश आठ दिवसांनी स्वतः आणून सोडून गेला. श्रीपतला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

दहाव्याला सावित्री नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. दीपेशने हात जोडून म्हटलं, भावोजींची काळजी घेईन. कावळा आंब्यावरून हलला नाही. श्रीपतची आई काशीबाई म्हणाली, तुझी तुळस मी बघीन गो. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं.

मग श्रीपतला त्या दिवशीची सकाळ आठवली. हायवेच्या खोदकामात तार तुटून नेट गेलं होतं. डबा हातात देताना शर्मिला म्हणाली होती, "नेट आलं का लगेच जोडा हां. कर्नलचं अपडेट बाकी हाय." दोनदा म्हणाली. गिरणीवाल्याला कसला कर्नल, म्हणून तो हसला होता. तिने सांगितलं, कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. त्यात भोक सापडलं की बनवणारे ठिगळ पाठवतात. ते लगेच लावायचं. लोकांची कागदपत्रं आत आहेत.

तो पिंडापुढे वाकला. "करतो गो तुझं अपडेट."

कावळ्याने मान वाकडी करून बघितलं, पण उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेश मशीनपुढे बसला. ते त्या दिवसापासून चालूच होतं. पडद्यावर पासवर्डची चौकट. पासवर्ड शर्मिलाबरोबर गेला होता. मुंबईला दीपेशचं कामच कॉम्प्युटरचं. तो म्हणाला, हे भोक अजून उघडं आहे तोवर त्यातून मला आत जाता येईल. ताईचे फोटो असतील, आवाज असेल. अपडेट करून मशीन बंद-चालू केलं की ते बुजलं. मग कायमचं कुलूप.

काशीबाई म्हणाली, एवढ्या म्हागाच्या डब्याला भोकं पडतात, त्यापेक्षा आमचं सूप बरं.

श्रीपत पडद्याकडे बघत राहिला. तिचा आवाज त्याला हवा होता. रात्रंदिवस दुसरं काही नकोच होतं.

"नको," तो म्हणाला. "तिनं शेवटचं एवढंच मागितलं. बुजव."

"भावोजी, नंतर कितीही रडलात तरी उघडणार नाही."

"बुजव म्हटलं ना."

माणसं तार जोडून गेली होती, पण दीपेश मशीन बघेपर्यंत नेटचा डबा श्रीपतने बंदच ठेवला होता. त्याने स्वतः उठून बटण दाबलं. दिवे एकेक करून हिरवे झाले. दीपेश म्हणाला, अपडेट आपोआप उतरेल, मग एकदा बंद-चालू करायचं, की लागू.

तेवढ्यात दीपेशचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकला. फोन तेवढा श्रीपतपुढे धरला. शर्मिलाचा मेल होता. त्या दिवशी सकाळी लिहिलेला, नेट नव्हतं म्हणून मशीनमध्येच अडकून राहिलेला.

'दिपू, दुपारच्या एसटीने निघतेय. पनवेलला घ्यायला ये. पिशवीत मावले तेवढेच कपडे घेतलेत. ह्या वेळी मला परत पाठवू नकोस.'

मशीन बंद-चालू करायचं राहिलं.