दोन हात धुरा

“फावडं घेऊन कुठं चालले?” पुष्पाबाईने विचारलं.

“चुन्नीलालकडे,” रामलाल म्हणाला. “धुरा परत सरकवाले.”

पुष्पाबाईच्या हातातलं सूप थांबलं. नऊ वर्षांपूर्वी रामलालने आपल्या आणि चुन्नीलालच्या धानशेतांमधला मातीचा बांध, म्हणजे धुरा, दोन हात पलीकडे सरकवला होता. नवराबायकोशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण आमगावच्या ख्रिस्ती मंडळीत एक नियम होता. प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावाने एकत्र भाकर आणि प्याला घ्यायला, बसण्याआधी, ज्याचा अपराध केला त्याच्या दारी जाऊन कबूल करायचं आणि घेतलेलं परत करायचं. पाद्रीसाहेब तीन महिन्यांतून एकदा गोंदियाहून गाडीने येत आणि तेव्हाच प्रभुभोजन होई. भाकर फिरू लागली की रामलाल खोकल्याची उबळ आल्यासारखं करून बाहेर सटके. मंडळीतल्या बायका त्याला औषधं सुचवू लागल्या होत्या. शेवटी मागच्या खेपेला पाद्रीसाहेबांनीच त्याच्यासाठी अडुळशाचा काढा आणला. तो पिता पिता रामलालला रडू फुटलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

“मग मला काय सांगतोस?” पाद्रीसाहेब म्हणाले. “शेत माझं आहे का?”

येत्या रविवारी पाद्रीसाहेब पुन्हा येणार होते, म्हणून आज फावडं.

“तंगडं तोडंल तो तुमचं,” पुष्पाबाई म्हणाली.

“तोडू दे. एका तंगड्यानं बी प्रभुभोजनाले बसता येते.”

चुन्नीलाल अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. रामलालने उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. चुन्नीलालचे हात थांबले. तो उठला. रामलालने डोळे मिटून घेतले.

“चाय घेतोस?” चुन्नीलाल म्हणाला.

“अगा, मी तुयी जमीन चोरली!”

“आयकलं ना. दोन हात. राहू दे. मी कुठं मागून राहिलो?”

“देल्याबिगर मले चैन नाई. पटवाऱ्याले बोलावू, मोजून घेऊ.”

“पटवारी कायले?” चुन्नीलाल घाईघाईने म्हणाला. “तू म्हणतोस तेच माप.”

केवढा दिलदार माणूस, रामलालला वाटलं. त्याला आणखीच लाज वाटली.

धान कापून झालं होतं, जमिनीत अजून ओल होती. तरी काम तीन दिवस चाललं. रामलाल खोदे, माती उचलून टाके, पायाने दाबे. चुन्नीलाल पळसाखाली बसून पाही. दुपारी त्याची बायको अनुसयाबाई भात आणि मासोळीचा रस्सा घेऊन येई. रामलाल दोघांचं जेवे, कारण चुन्नीलाल घासही उचलत नसे.

“जमीन तुले भेटून राहिली, आन् तोंड असं काऊन?” रामलालने चिडवलं.

“तू खोद गा,” चुन्नीलाल म्हणाला.

“दिवाळीले बी असाच बसतोस का?”

“खोद म्हणतो ना.”

शनिवारी दिवस कलायच्या आत धुरा जागेवर गेला. रामलाल नहरावर अंग धुताना मोठ्याने गीत म्हणू लागला. सूर नेहमीसारखाच चुकला होता. काठावरचे बगळे उडाले. त्याला त्याचंही हसू आलं.

रविवारी भाकर त्याच्यापर्यंत आली. तो खोकला नाही. बायकांच्या बाजूने पुष्पाबाई मान वळवून बघत होती, ते त्याला दिसलं. त्याने भाकर घेतली, प्याला घेतला आणि तो जागेवरच बसून राहिला. नऊ वर्षं आत काहीतरी टोचत होतं. ते कुठे गेलं म्हणून त्याने मनात चाचपून पाहिलं. सापडलं नाही.

उपासना संपली. तो बाहेर आला तर दाराजवळ चुन्नीलाल उभा. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवं पागोटं.

“तू इथं कसा गा?” रामलाल आनंदाने म्हणाला. “चाल घरी, पुष्पीनं कोंबडी केली हाय.”

“पहिले एक सांग. तुमचा पाद्री आमच्यासारख्याचं बी आयकते का?”

“आयकते ना. पण तो म्हणंल, मले काय सांगतोस, ज्याचं हाय त्याले सांग.”

“तेच भेव होतं मले.” चुन्नीलालने पागोटं काढून काखेत धरलं. “तीन दिवस तुले खोदताना पाहून राहिलो, घास गेला नाई. उद्या पुन्हा फावडं घेऊन ये, रामलाल. मी बी आणतो. तुया बाप वारला त्या साली मी तो धुरा तुमच्याकडे पाच हात सरकवला होता.”