वाक्यं जोडा

कालच्या उत्तरात ‘ऑलदो’ अगदी बरोबर बसलं होतं, आणि तिथेच हरिश्चंद्र मास्तरांना शंका आली.

सोहमला ‘ऑलदो’ कधी आलंच नव्हतं. इंग्रजीची दोन वाक्यं दिली, की मध्ये ‘अँड’ घालून मोकळा. मास्तरांनी सगळ्या पाली गावाची पोरं शिकवली, घरचा मात्र ‘अँड’वरच राहिला.

बी.कॉम. होऊन तो नाटे बंदरावर मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला निघाला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. बोलणं तुटलं. मग मास्तर त्याच्या लहानपणीसारखी रोज दोन वाक्यं फोनवर पाठवू लागले. बरेच दिवस काहीच आलं नाही. एका दुपारी उत्तर आलं. तेव्हापासून रोज येत होतं. पोराशी तेवढाच धागा उरला होता.

“बकुळा, हे सोहम लिहीत नाही.”

“मग कोण, बोटीचा तांडेल?” बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

“दुपारी बोट समुद्रात असते. तिथे रेंज कुठली?”

“उत्तर नाही आलं तरी त्रास, आलं तरी त्रास. एवढी शंका आहे तर फोन करा की त्याला.”

“मी? आधी त्याने करायचा.”

“मग बसा दोघं.”

जेवणं झाल्यावर तिने चपला घातल्या. “तेजलकडे जाऊन येते. कुळथाचं पीठ द्यायचंय.”

कालही ती तेजलकडे गेली होती. परवाही. एवढं पीठ कोण खातं? तेजल मास्तरांचीच विद्यार्थिनी, आता सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. तिला ‘ऑलदो’ पक्कं येतं.

मास्तरांच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. पोरगा बोटीवर टिकला नाही. लाजेने घरी येत नाही. तेजलकडे येऊन बसतो, आई त्याला भेटते, आणि तिघं मिळून आपल्याला बनवतायत.

त्यांना राग आला. पण त्याहून जास्त बरं वाटलं.

त्यांनी मुद्दाम दोन वाक्यं पाठवली. वडील ओरडले. मुलगा घर सोडून गेला. जोडा.

मग फोन सदऱ्याच्या खिशात टाकून ते निघाले.

तेजलच्या पडवीत पुरुषाच्या चपला नव्हत्या. आत लपवल्या असतील. मास्तर खिडकीखाली उभे राहिले.

“‘सो’ लावा, काकी,” तेजल म्हणत होती. “ओरडले, म्हणून गेला. सोपं आहे.”

“सोपं कसं गो? मधलं राहिलं. ते समुद्राला घाबरले होते, म्हणून ओरडले. ते घाल.”

“ते वाक्यात नाहीये.”

“घरात होतं ना!”

मास्तरांनी टाचा उंचावून आत पाहिलं. खोलीत दोघीच होत्या. तिसरं कुणी नव्हतं.

“काकी, सोहमदादा हा फोन रागाने टाकून गेलाय, हे सरांना कळलं तर?”

“बघू तेव्हा. दिवसभर खिसा चाचपत बसतात गो. तो स्वतः लिहीपर्यंत मलाच लिहायला हवं,” असं म्हणून बकुळाने एक एक अक्षर शोधत वाक्य पुरं केलं, बोट टेकवलं, आणि खिडकीबाहेर मास्तरांच्या खिशात सोहमचं उत्तर वाजलं.