भरवशाचं सर्टिफिकेट

"फाटकावर मला कुणी अडवलंच नाही," द्राक्षांच्या गोदामाची पाहणी करायला आलेले कस्टमचे साहेब मान हलवत म्हणाले.

हौसाक्का गोंधळल्या. 'भरवशाचा निर्यातदार' असं सरकारी सर्टिफिकेट मिळालं, की बंदरावर तपासणीत अडकून त्यांच्या कंटेनरमधली द्राक्षं नासणार नव्हती. म्हणून तर साहेबांसाठी दारं सताड उघडी ठेवली होती!

"दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायचं, का ओळखपत्र?"

"ओळखपत्र, आक्का! मालापर्यंत परका माणूस पोचला, तर भरवसा कसला?"

"म्हंजे मी कुणावरच भरवसा ठेवायचा नाही, तेव्हा कुठं सरकार माझ्यावर ठेवणार?"

"बरोबर!"

"मग उठा साहेब. फाटकाबाहेर जा, ओळखपत्र दाखवा, मगच आत या."

साहेब हसत उन्हात गेले. खिसे चाचपले, पुन्हा चाचपले, हसू मावळलं. ओळखपत्र ऑफिसातच राहिलेलं.

आक्का कडी धरून उभ्याच. आत घ्यावं, तर सर्टिफिकेट गेलं. न घ्यावं, तर देणार कोण?