लाभार्थी बबन घरत

"नाव?" प्रितमने मान वर न करता विचारलं.

"बबन घरत."

"वय?"

"नऊ."

"आजार?"

"शुगर. म्हणून तर आलो ना शुगरच्या शिबिराला."

प्रितमने मान वर केली. समोर विचुंब्याच्या मालूकाकी उभ्या होत्या. काखेत मासळीची टोपली, टोपलीवर जुनं लुगडं बांधलेलं. लुगड्यातून एक कान बाहेर आला होता. प्रितमने तो नीट पाहिला.

"काकी, हे मांजर हाय."

"मांजर नाय. बोका हाय."

"शिबिर मानसांचं हाय."

"मंग? इन्सुलिन पन मानसांचंच लागतं त्याला. मेडिकलवाला कधी बोलला नाय, मानसाला घेऊन या म्हनून."

मांडवात काशीरामशेठच्या वाढदिवसाचे चार बॅनर होते. चारही बॅनरवर शेठ गॉगल लावून फोनवर बोलत होते. खाली लिहिलं होतं, 'गरजवंतांचा आधार'. मागे रांगेतले आजोबा म्हणाले, "अगो, आजारी बोका मच्छी मार्केटला सोडून ये. खाईल, मरेल, त्याचं तो बघेल."

"आजारी पडल्यावर सोडाचंच असंल, तर माज्या नवऱ्याला कुठं सोडू? त्याला पन शुगर हाय."

आजोबांनाही होती.

मालूकाकींनी टोपली टेबलावर ठेवली. "प्रितम, ऐक. घरी शुगर बघाचं मशीन हाय, त्याच्या पट्ट्या संपल्या. पट्ट्या घेतल्या तर इन्सुलिन राहतं, इन्सुलिन घेतलं तर पट्ट्या. काल न बघता अंदाजानं सुई दिली, तर गडी थरथरून आडवा झाला. मध चाटवून उठवला. आता डॉक्टर बोलला, आकडा सांगितल्याशिवाय सुई नाय. आनि सुई नाय दिली तरी तो मरनार. तू टोच, मी जाते."

प्रितमने रांगेकडे पाहिलं. रांग संपत आली होती. विरोधी पार्टीच्या शिबिराला याहून जास्त माणसं आली होती आणि शेठनं सकाळीच बजावलं होतं, 'त्यांच्यापेक्षा एक तरी जास्त पायजे.' अर्जावर प्राण्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. प्रितमने बबन घरतला पुरुषांत टाकलं.

रक्त काढायला बसलेल्या दिपिकाने हातमोजे बदलले. "बोट कुठलं देताय?"

"बोट नाय. कान."

"मग द्या इकडे. मी सोनाराची मुलगी आहे."

तिने कानाची कड इतकी हलकेच टोचली, की बबनने फक्त तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. आकडा बराच वर होता. मालूकाकींनी तिथूनच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून तो सांगितला. पलीकडून डोस आला, कालच्यापेक्षा कमी. "खाऊ घालून द्या," डॉक्टर म्हणाले. मालूकाकींनी उकडलेल्या मांदेलीचा डबा काढला आणि तेवढ्यात बेंजो वाजला.

काशीरामशेठ स्टेजवर आले. त्यांच्या हातात प्रितमने अर्जांचा गठ्ठा दिला. शेठनं वरचा अर्ज वाचला आणि त्यांचा आवाज बरोबर माइकजवळ येऊन दाटला.

"बंधू-भगिनींनो! बबन घरत. वय वर्षं नऊ. मधुमेह! अरे, हे खेळायचं वय! मी आज या लेकराला शब्द देतो. याचं इन्सुलिन, याच्या पट्ट्या, सगळं आजपासून माझ्याकडं. बरा होईपर्यंत नाय, जगेल तोपर्यंत! बबन, बाळा, वरती ये."

टाळ्या पडल्या. प्रितम स्टेजच्या मागच्या बाजूने उतरला.

मालूकाकी टोपली घेऊन वर गेल्या आणि लुगडं सोडलं. बबन मांदेली खात होता. शेठच्या हातातली शाल हवेतच राहिली. खाली सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

शेठनं माइकवर हात ठेवला. "काकी, मस्करी करता काय? मी लेकराला शब्द दिला."

मालूकाकींनी माइक काढून घेतला. "माजं लेकरूच हाय. नऊ वर्सं पोसलाय. आनि शेठ, मागच्या वाढदिवसाला आमच्या आळीला नळ देतो बोललात. तवा तर मधी बोका पन नवता."

मांडवात आधी बायका हसल्या. मग रांगेतले आजोबा हसले. मग बेंजोवाल्याने उगाच एक ठोका दिला.

शेठ सगळ्या मोबाइलांकडे बघून हसले. शाल टोपलीवर पांघरली. नारळ कुणाच्या हातात द्यावा, ते न कळून स्वतःच धरून उभे राहिले.

"तो ठेवा खाली," मालूकाकी म्हणाल्या. त्यांनी बर्फाच्या डब्यातून सुई काढली. "दोन्ही हात लागतील. हितं, मानंजवळ धरा. घट्ट नको. मतदार असल्यासारखा धरा."

शेठनं धरलं. मालूकाकींनी चामडी चिमटीत घेऊन सुई दिली. बबनने डबा चाटणं थांबवलं नाही.

"जमलं की तुमाला," मालूकाकींनी सुईला टोपण लावलं. "उद्या सकाळी बंगल्यावर येते त्याला घेऊन. रोज दोनदा लागते. जगेल तोपर्यंत."

बबन टोपलीतून उतरला. शाल मागे ओढत स्टेजवरून चालला. मधोमध पांढरा टॉवेल टाकलेली मोठी खुर्ची होती. तिच्यावर चढला, दोनदा गोल फिरला, आणि झोपला.

पुढचा सगळा कार्यक्रम शेठनं उभ्यानं केला.