सारवलेली पट्टी

रेवा परसात आली आणि जागीच थबकली. कुंपणालगतची मोकळ्या मातीची पट्टी शेणानं गुळगुळीत सारवलेली होती.

"काकू, हे काय केलंत?"

"अगं, तुझ्या प्रयोगशाळेचे तपासनीस यायचेत ना आज? मुंग्यांनी नुसती भोकंच भोकं पाडली होती," काकूंनी बादली बाजूला सारली. "म्हटलं, पाहुण्यांसमोर शोभा नको व्हायला."

"ती भोकं मी पाडली होती! आत मधमाश्या आहेत, जमिनीत घर करणाऱ्या. आज बाहेर पडायच्या होत्या."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मधमाश्या काकूंच्या जन्माआधीच नामशेष झाल्या होत्या. भोपळ्याच्या फुलांनासुद्धा गावातल्या बाया कुंचल्यानं पराग लावायच्या. प्रयोगशाळेनं नव्यानं तयार केलेले माश्यांचे कोश रेवानं या मातीत ठेवले होते. दुसरे कुठेच नव्हते.

ऊन चढत होतं आणि सारवण कडक होत होतं. पाणी मारलं तर आतल्या माश्या बुडतील, खुरपं घातलं तर चिरडतील. रेवा गुडघे टेकून नखांनी पोपडे काढू लागली. काकूही शेजारी बसल्या. भोकं उघडत होती, पण आत काहीच हलत नव्हतं.

मग एका भोकातून केसाळ डोकं वर आलं. माशी धडपडत बाहेर पडली आणि काकूंच्या शेणानं माखलेल्या बोटावर चढली.

"रेवा, चावते का गं ही?"

रेवानं मधमाश्यांच्या अधिवासावरची पदवी पहिल्या वर्गात मिळवली होती.

"माहीत नाही, काकू," ती कुजबुजली. "मीही जिवंत माशी पहिल्यांदाच बघतेय."