सगळं पास

टेस्टरच्या छोट्या पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं उमटली. सगळं पास.

हरिओमनं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "खोटं बोलायलंय हे."

टेबलावर जुन्या व्हिडिओ गेमचा बोर्ड उघडा पडला होता, ताटाएवढा, चिपांनी गच्च भरलेला. बोर्ड जिंतूरच्या चंद्रभानचा. एकेकाळी त्याच्या पार्लरमध्ये या खेळापुढं पोरांची रांग लागायची, आता त्याला हा खेळ उरुसात पुन्हा मांडायचा होता. खेळ सुरू व्हायचा, थोडा वेळ नीट चालायचा आणि मग विमानांचे तुकडे तुकडे होऊन सगळा पडदा रंगीत चिंध्यांनी भरून जायचा.

हरिओम परभणीला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. जुने बोर्ड जिवंत करायचा त्याला नाद होता, त्यासाठीच हा टेस्टर घेतलेला. बोर्डावरचा प्रोसेसर काढायचा, त्या जागी टेस्टरची वायर बसवायची. मग टेस्टर प्रोसेसरचं सोंग घेऊन एकेका चिपला प्रश्न विचारतो. काय विचारायचं ते मात्र आपण प्रोग्राम लिहून सांगायचं. हरिओमनं मेमरीच्या घराघरात आकडा ठेवून तो परत मागायचा प्रोग्राम लिहिला होता. चिपा दरवेळी बिनचूक आकडा परत देत होत्या. आणि खेळ दरवेळी बिघडत होता.

फोन वाजला. "सर, झालं का न्हाई? उरूस तोंडावर आलाय," चंद्रभान म्हणाला.

"टेस्टर म्हणतोय बोर्ड चांगलाय."

"मंग चालना का?"

हरिओमनं फोन ठेवला.

दार ढकलून राजेश्री आत आली. ती पेडगावच्या शाळेत शिकवायची. शनिवारची सकाळची शाळा उरकून, एसटीनं येऊन, जिना चढून ती आली होती. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती कॉटवर बसली.

"अहो, पुन्हा व्हायलंय."

"काय?" त्यानं मान वर केली नाही.

"धडधड. डोळ्यापुढं अंधारी यायलीय."

"राजेश्री, रक्त तपासलं. थायरॉइड झालं. ईसीजी काढला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता आणखी काय तपासायचं? तू टेन्शन घ्यायलीस उगीच."

"मग मी नाटक करायलेय का?"

"तसं म्हणलो का मी?"

ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली.

हरिओम पुन्हा बोर्डावर वाकला. त्यानं सगळे सांधे नव्याने डाग देऊन बघितले होते, संशय आलेल्या दोन चिपा बदलून बघितल्या होत्या, वायरी बदलल्या होत्या. आता राग चिपांवरचा, टेस्टरवरचा की स्वतःवरचा, हेही त्याला कळेना. रागातच त्यानं प्रोग्रामची एक ओळ बदलली. एकदा तपासून थांबायचं नाही. थांब म्हणेपर्यंत तेच तेच विचारत राहायचं.

पास. पास. पास. अक्षरं पडद्यावरून सरकत राहिली. तो खुर्चीत मागं रेलून बघत बसला. पंखा बंद होता, खोलीत उकडत होतं, बोर्डातून तापलेल्या धुळीचा वास यायला लागला होता.

आणि मग, फेल.

तो ताडकन उठला. ज्या चिपचं नाव आलं होतं तिच्यावर त्यानं बोट टेकवलं. चटका बसला.

"सापडलं!" तो आतल्या दिशेनं ओरडला. "राजेश्री, सापडलं! थंड आहे तोवर पास, तापली की फेल. आणि मी येडा, दरवेळी बोर्ड थंड असतानाच तपासायलो! ज्या वेळी बिघडतंय त्याच वेळी तपासायला..."

तो मधेच थांबला. आतून काहीच आवाज नव्हता.

राजेश्री ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसली होती. डोळे मिटलेले, तळहात छातीवर. शेजारी पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

हरिओम तिच्यासमोर खाली बसला.

"ईसीजी काढला, तेव्हा होत होतं का तुला?"

"न्हाई. सकाळी नेलं होतं तुमी. सकाळी काय होत नसतंय मला." तिनं दम घेतला. "सांगितलं होतं की तेव्हाच."

सांगितलं होतं. त्याला आठवलं.

"आणि आत्ता?"

तिनं डोळे न उघडता नुसती मान हलवली.

ऑटोत ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि तो ड्रायव्हरला उगीचच ओरडत होता. दवाखान्यात टेबलापाशी एकटी सिस्टर बसलेली. तिनं राजेश्रीची जुनी फाइल चाळली.

"सगळं तर नॉर्मल आहे यांचं. डॉक्टर संध्याकाळी येतेत. ईसीजीवाला बी गेला जेवायला. सोमवारी सकाळी घेऊन या, सकाळी निवांत बघतेत."

"सकाळी ती चांगली असते, सिस्टर." त्याचा आवाज इतका चढला की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "सकाळी आणली की रिपोर्ट चांगलाच येतो. आत्ता बघा. होतंय तोवर बघा."

"ओरडू नका," सिस्टर म्हणाली. वैतागून तिनं राजेश्रीचं मनगट ओढून घेतलं, त्यावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजायला लागली.

मोजणं अर्धवट सोडून ती उठली आणि आतल्या खाटेपुढचा पडदा बाजूला सारला. "आत घ्या यांना, लवकर."