मॉपची वेणी

शाळेने पालकांना मेळाव्याला बोलावलं होतं, पण एका वेल्डर बापाला वाटत होतं, सगळ्यांदेखत आपली खरडपट्टी निघणार. बायको गेल्यापासून सहावीतली लेक टोपी घालूनच शाळेत जात होती. केस त्याने एकदाच विंचरून दिले होते, तेव्हा ती कळवळली होती. समुपदेशक बाईंनी त्याला हॉलच्या कोपऱ्यात नेलं. तिथे खुर्च्यांच्या पाठीला फरशी पुसायचे मॉप बांधले होते आणि चार बाप घामाघूम होऊन त्यांच्या वेण्या घालत होते. “ही तुमची लेक समजा,” त्यांना शिकवायला आलेली पार्लरवाली म्हणाली. “तीन पेड करा. ओढू नका, तिला दुखतं.” “माझी तिसऱ्यांदा सुटली,” शेजारचा बाप पुटपुटला. वेल्डरला हसू फुटलं. त्याची वेणी वाकडी झाली, पण टिकली. मागून बघणाऱ्या लेकीने मॉप सोडवला, टोपी काढली आणि ती खुर्चीवर बसली. “बाबा, मला मॉपपेक्षा जास्त दुखतं हं.”